भित्र्या कुत्र्याला सोबती देताय? या चुका टाळा

चिंगी, आमची भित्री कुत्री, घरी आली तेव्हा चार दिवस जेवणाच्या टेबलाखालून हलली नाही. मी खोलीत असेपर्यंत खाण्याला तोंड लावायची नाही. रात्री दिवे मालवले की वाटी रिकामी व्हायची. ढब्बू, आमचा नऊ वर्षांचा कुत्रा, अधूनमधून जाळीच्या फाटकापलीकडून हुंगायचा आणि तिच्याकडे पाठ करून आडवा व्हायचा. पाचव्या दिवशी मी फाटकापाशी बसून त्याच्या कानामागे खाजवत होते. टेबलाखालून एक नाक बाहेर आलं, हळूहळू पुढे सरकलं. माझ्याकडे नाही, ढब्बूच्या शेपटीकडे.

हा प्रसंग सांगितला की हमखास कोणीतरी म्हणतं, "मग आम्हीही एक दुसरा आणतो." इथूनच घोळ सुरू होतो.

दोन भित्रे एकत्र आणणं

एकाला सोबत म्हणून दुसराही रेस्क्यूच, म्हणजे वाईट परिस्थितीतून सोडवलेला कुत्राच आणायचा, तोही तितकाच घाबरलेला. हेतू चांगला असतो. पण कुत्री एकमेकांकडे बघून जसा धीर धरतात, तशीच भीतीही उचलतात. बेल वाजली की एक पलंगाखाली पळतो, त्याला बघून दुसरा, आणि आठवड्याभरात बेल म्हणजे संकट हे दोघांचं पक्कं होतं. पिल्लू आणणारेही असतात. पिल्लाचं जगाशी ओळख करून घेण्याचं वय साधारण तिसऱ्या ते बाराव्या-चौदाव्या आठवड्यापर्यंत. त्या काळात घाबरलेला मोठा कुत्रा बघत ते वाढलं तर दोघांचंही नुकसान.

एकटं राहिल्यावर रडणाऱ्या कुत्र्यासाठी दुसरा आणणं हाही असाच फसणारा बेत. त्याला बहुतेक वेळा माणूस हवा असतो. तुम्ही दार लावून गेलात की तो रडतोच, फक्त आता ते बघायला एक साक्षीदार असतो.

घरात आधीपासून दुसरा कुत्रा नसेल तर ओळखीतल्या कोणाचा शांत कुत्रा तासाभरासाठी बोलवा. तो असताना तुमचा भित्रा मान सैल सोडतो का, खातो का, कोपऱ्यातून चार पावलं बाहेर येतो का, हे दोन-तीन भेटींत कळतं. काहीच फरक पडला नाही, तर दुसरा आणायचा विचार तूर्त सोडा.

खेळकर म्हणजे चांगला सोबती, असं धरून चालणं

"आमचा सगळ्यांशी खेळतो" हे ऐकलं की मला काळजीच वाटते. अंगावर धावून येणारा प्रेमळ कुत्रा हा घाबरलेल्याच्या लेखी धावून येणारा कुत्राच. हवा असतो तो बेफिकीर गडी: सरळ चाल करून न जाता वळसा घेऊन येणारा, हुंगून मान फिरवणारा, नको म्हटलं की बाजूला होणारा. शिवाय माणसांवर त्याचा पूर्ण विश्वास हवा, कारण भित्रा कुत्रा तुम्हाला जोखतो ते त्याच्याकडे बघून. पाहुणे आले की भुंकून घर डोक्यावर घेणारा असेल तर तोच धडा पुढे जाईल.

दारातच गाठ घालून देणं

आधी डॉक्टर. नवा आलेला कुत्रा साधारण दोन आठवडे वेगळा ठेवतात, कारण पार्वो किंवा डिस्टेंपर हे कुत्र्यांचे जीवघेणे संसर्गजन्य आजार अंगात असून लक्षणं दिसायला वेळ लागतो, आणि पार्वोचा विषाणू जमिनीवर, भांड्यांवर महिनोन्‌महिने टिकतो. जुन्याची लसही अद्ययावत आहे ना, ते बघा. आमच्या पहिल्या दोन आठवड्यांत मध्ये फाटक होतं, भांडी वेगळी आणि चपलाही वेगळ्या.

नंतरची भेट मोकळ्या, दोघांनाही परक्या जागी. दोन माणसं, दोन पट्टे, मध्ये पंधरा-वीस फूट, आणि दोघं एकाच दिशेला चालत. समोरासमोर आणू नका. दोघं सहज चालायला लागले की अंतर थोडं थोडं कमी करा. हुंगू द्या, मनातल्या मनात तीन मोजा, आणि हाक मारून पुढे निघा. पट्टा सैल ठेवणं सगळ्यात अवघड. आपण घाबरलो की हात आपोआप आवळतो आणि ते थेट कुत्र्याच्या मानेपर्यंत पोचतं. काही कुत्र्यांना मात्र पट्ट्याचीच दहशत असते. त्यांना बाहेर ओढू नका. घरातच मध्ये जाळीचं फाटक ठेवा आणि दोघांची अंथरुणं अदलाबदल करा, म्हणजे वासाची ओळख आधी होते.

"जाईल कुठे, याच्या मागेच राहील"

ही चूक मी केली आहे. महिनाभर चिंगी ढब्बूच्या शेपटीला चिकटून फिरायची, म्हणून मी तिच्या गळ्यातला साधा पट्टाच धरला. मागे कुठेतरी भांडं आदळलं. ती उलट्या पावलांनी मागे सरली, मान आक्रसली, आणि माझ्या हातात नुसता पट्टा. मी हाक मारली नाही, धावलेही नाही. पाठमोरी खाली बसले आणि ढब्बूला एकेक खाऊ देत राहिले. दहा मिनिटांनी ती त्याच्या कुशीला येऊन टेकली. हे नशीब होतं, याला पद्धत म्हणू नका. तेव्हापासून हार्नेस (छातीभोवतीचा पट्टा) आणि कॉलर (गळ्यातला पट्टा), दोन्हीला वेगवेगळी दोरी. घराच्या दाराशीही एकाआड एक अशी दोन दारं किंवा फाटकं असावीत.

गप्प बसली म्हणजे रुळली

थिजलेला कुत्रा शहाण्यासारखा दिसतो. जीभ पुन्हा पुन्हा नाकावर फिरणं, झोप नसताना जांभया, डोळ्यांचा पांढरा भाग दिसणं, आवडीचा तुकडाही न घेणं: अंतर वाढवा. खेळताना शंका आली तर पाठलाग करणाऱ्याला क्षणभर धरा. दुसरा परत त्याच्याकडे आला तर खेळ चालू आहे, निसटून गेला तर त्याला सुटका हवी होती. गुरगुरण्यावर ओरडू नका. गुरगुरणं बंद झालं तर पुढची सूचना दातांनी मिळते. जेवण मात्र वेगळ्या खोल्यांत, हाडं-खेळणी उचलून ठेवलेली. यात तडजोड नको.

सगळं काम कुत्र्यावर सोडून देणं

सगळ्यात महागात पडते ती ही. दोघांचं गूळपीठ जमतं, आपल्याला हायसं वाटतं आणि आपण बाजूला होतो. तीन महिन्यांनी लक्षात येतं की कुत्री कुत्र्याची झाली, आपली नाही. ढब्बूला एका रात्रीसाठी दवाखान्यात ठेवावं लागलं तेव्हा चिंगी थेट टेबलाखाली, पहिल्या दिवसासारखी. तेव्हा मला माझं चुकलेलं दिसलं.

मग रोज थोडा वेळ दोघांना वेगळं ठेवायला लागले. आधी दोन मिनिटं, मध्ये दार किलकिलं. मग पाच, मग फेरीच वेगळी. खाऊचा एक खेळ उपयोगी पडला: ढब्बूला हातातून द्यायचं, चिंगीचं तिच्या मागे टाकायचं. ती खायला दूर जाते, अंग सैल होतं आणि मग आपणहून वळून येते. हातावर ठेवून जवळ ओढायचं नाही. पोटासाठी ती पुढे येते, पण मागचे पाय पळायच्या तयारीत राहतात. स्पर्शही तसाच. तीन सेकंद खाजवून हात काढून घ्या, ती सरकून जवळ आली तरच पुढे.

ढब्बूचाही जीव आहे, हे विसरायला होतं. दिवसभर कोणीतरी अंगाला चिकटलंय, झोपेत पायावर डोकं ठेवलंय. त्याला अशी एक खोली हवी जिथे तिला प्रवेश नाही, आणि एक फेरी जी फक्त त्याची.

नवा कुत्रा घरात रुळायला तीन दिवस, तीन आठवडे, तीन महिने असे टप्पे लागतात, असा एक ठोकताळा सांगतात. तो अंदाज आहे, परीक्षेचं वेळापत्रक नाही. पण आठवडेच्या आठवडे काहीच हलत नसेल, किंवा सुधारलेला कुत्रा अचानक मागे गेला, तर आधी दुखणं तपासून घ्या: दात, कान, सांधे. काहींना भीतीवर औषध लागतं. ते डॉक्टरांनीच ठरवायचं. घरातल्या माणसाची गोळी मोडून देऊ नका.

आणि एक वही ठेवा. रोज बघणाऱ्याला फरक दिसत नाही. माझ्या वहीतली पहिली नोंद: "सहा फूट. मी पाठमोरी, ढब्बू मध्ये. एक तुकडा खाल्ला." पाचव्या महिन्यातली: "दोन फूट. समोरासमोर. ढब्बू आतल्या खोलीत घोरतोय."