फॉर्मॅट मारून विंडोज नव्याने टाकताना या चुका टाळा

‘फॉर्मॅट मारला की झालं’ म्हणणाऱ्यांचं नुकसान दोन्हीकडून होतं. हवा असलेला डेटा जातो आणि पुसायचा असलेला मागे राहतो.

‘माझं सगळं डी ड्राइव्हला आहे’ या वाक्यावर सगळ्यात आधी शंका घ्या. डेस्कटॉप, डाउनलोड्स, डॉक्युमेंट्स हे मुद्दाम हलवलं नसेल तर सी मध्येच असतं. ब्राउझरमधले पासवर्ड आणि आउटलुकच्या पीएसटी फाइल (ज्यात मेल साठवलेले असतात) कोणाच्या लक्षातही येत नाहीत. शिवाय बऱ्याच मशीनमध्ये सी आणि डी हे एकाच डिस्कचे दोन तुकडे असतात, त्यामुळे डी वर ठेवलेली कॉपी म्हणजे बॅकअप नव्हे. बॅकअप बाहेरच्या डिस्कवर घ्या आणि त्यातल्या चार फाइल दुसऱ्या मशीनवर उघडून बघा.

बिटलॉकर (विंडोजचं डिस्क लॉक करणारं एन्क्रिप्शन) चालू असेल तर ४८ अंकी रिकव्हरी की आधीच लिहून घ्या. सी पुसायला ती लागत नाही, पण डी सुद्धा लॉक असेल तर नव्या विंडोजमध्ये तो उघडताना हीच की मागितली जाते. तोपर्यंत डी आपोआप उघडत होता, म्हणून लोक गाफील राहतात.

आता सेटअपचा स्क्रीन. इथे सी, डी ही अक्षरं दिसत नाहीत. ‘डिस्क ०, पार्टिशन ३’ असं काहीतरी दिसतं. ओळखायचं ते साइजवरून, आणि दोन डिस्क सारख्याच साइजच्या असल्या की इथेच घात होतो. माझं मत स्पष्ट आहे: डेस्कटॉप असेल तर दुसऱ्या डिस्कची केबल काढूनच ठेवा. याचा आणखी एक फायदा आहे. दोन्ही डिस्क जोडलेल्या असताना बूट फाइल कधी कधी जुन्या डिस्कवर जाऊन बसतात. मग काही महिन्यांनी ती डिस्क काढली की चांगलं चालणारं विंडोज उठतच नाही.

मशीन विकायचं असेल तर क्विक फॉर्मॅटवर थांबू नका. त्यात फाइल कुठे आहे याची नोंद पुसली जाते, फाइल नाही. रिकव्हरी सॉफ्टवेअर ती परत काढू शकतं. डिस्कपार्ट या विंडोजच्या कमांड टूलमधली ‘क्लीन’ कमांडही तेवढीच वरवरची. ‘क्लीन ऑल’ मात्र पूर्ण डिस्कवर शून्यं लिहिते. मोठ्या हार्ड डिस्कला यात काही तास जातात. कमांड देण्याआधी ‘लिस्ट डिस्क’ने येणारी डिस्कची यादी पुन्हा एकदा वाचा. ‘क्लीन ऑल’ ‘नक्की का?’ असं विचारत नाही. एसएसडीला हा मार्ग नको. ती लिहिण्याची जागा स्वतःच बदलत राहते, त्यामुळे काही जुने भाग तसेच राहू शकतात. कंपनीच्या टूलमधलं किंवा बायोसमधलं सिक्युअर इरेज (एसएसडीला स्वतःलाच सगळं पुसायला सांगणारी सोय) वापरा.

सेटअपमध्ये डिस्कच दिसत नाही? ती खराब झाली असं लगेच समजू नका. इंटेलच्या अनेक नव्या लॅपटॉपमध्ये व्हीएमडी (डिस्क हाताळणारी इंटेलची सोय) चालू असतं आणि त्याचा ड्रायव्हर पेनड्राइव्हवरून लोड केला की डिस्क दिसायला लागते. डिस्क ‘एमबीआर’ की ‘जीपीटी’ (पार्टिशनची नोंद ठेवायच्या जुन्या आणि नव्या पद्धती) यावरून एरर आली, तर बूट मोड आणि डिस्कचा प्रकार जुळत नाही. विंडोजचा सेटअप असलेला पेनड्राइव्ह यूईएफआय (बायोसची नवी पद्धत) मोडमध्ये बूट करून त्या डिस्कवरची सगळी पार्टिशन उडवली (बॅकअप झालाय ना?) आणि रिकामी जागा निवडली, की पुढचं सेटअप बघून घेतं. पहिल्या रीस्टार्टनंतर पुन्हा सुरुवातीचाच स्क्रीन आला तर पेनड्राइव्ह काढा, मशीन त्याच्यावरूनच उठतंय.

प्रॉडक्ट की नाही म्हणून अडून बसू नका. त्याच मशीनवर विंडोज आधी अ‍ॅक्टिव्हेट असेल तर की विचारताना ‘माझ्याकडे नाही’ निवडा. फक्त आधी विंडोजची होम आवृत्ती होती तर होमच टाका, प्रो नको.

विंडोज ११ शेवटी इंटरनेट मागतं आणि वाय-फायचा ड्रायव्हरच नसतो, तेव्हा मोबाइल केबलने जोडून यूएसबी टेदरिंग (मोबाइलचं नेट केबलमधून देणं) चालू करा. सहसा तेवढ्यावर भागतं.