आजीचे स्वयंपाकघरातले नियम: पाळताना आणि मोडताना या चुका टाळा

स्वयंपाकघरातल्या जुन्या नियमांवरून बहुतेक घरांत दोन तट असतात. एकाचं म्हणणं, पूर्वीची माणसं काही वेडी नव्हती, प्रत्येक गोष्टीमागे शास्त्र आहे. दुसऱ्याचं म्हणणं, सगळी अंधश्रद्धा, द्या सोडून. मला दोन्ही तट सारखेच आळशी वाटतात. एकेक नियम सुटा घेऊन तपासायचा कंटाळा, म्हणून सगळे एकाच गाठोड्यात बांधायचे आणि एक तर डोक्यावर घ्यायचे, नाही तर फेकून द्यायचे. त्यामुळे ग्रहणात भरलेला माठ ओतून देणारं घर कडू दुधीचा रस डोळे मिटून पितं आणि ‘आम्ही असलं काही मानत नाही’ म्हणणारं घर आजीच्या बिनकल्हईच्या पातेल्यात कढी करतं.

नियम का, असं विचारलं की ‘लक्ष्मी जाते’ किंवा ‘पाप लागतं’ एवढंच उत्तर मिळतं. त्यापेक्षा ‘नाही पाळलं तर काय बिघडायचं?’ असं विचारून बघा. उत्तरात बुरा, कळकण, घशाची खाज असं काही आलं तर नियम कामाचा आहे. उत्तरात एखादी बाई, एखादी जात किंवा घरातली विधवा आली, तर तो नियम अन्नासाठी कधी नव्हताच.

लोणचं नासलं की दोष बाईवर टाकणं

सगळ्यात जुनी आणि सगळ्यात चिवट चूक हीच. पाळीच्या दिवसांत लोणच्याला हात लावला की लोणचं नासतं, हे अजून शिकल्यासवरल्या घरांतही ऐकू येतं. पाळीचा आणि लोणच्याचा काडीचाही संबंध नाही. खरा तोटा असा की दोष द्यायला कुणीतरी सापडलं, की बरणीकडे कुणी बघतच नाही, आणि पुढच्या वर्षी लोणचं पुन्हा नासतं. बरणी उघडून नीट पाहिलं तर ती स्वतःच सांगते.

वर पांढरा किंवा हिरवट केसाळ बुरा आला असेल तर फोडी तेलाच्या वर उघड्या पडल्या आहेत किंवा कुठून तरी पाणी शिरलं आहे. ओला चमचा, नीट न पुसलेली कैरी, घाईत धुऊन लगेच भरलेली बरणी. फोडणी कोमट असतानाच ओतली आणि झाकण लावलं तर वाफ झाकणाला धरते आणि तेच पाणी थेंब थेंब खाली पडतं. म्हणून फोडणी पार गार व्हायला हवी आणि सुरुवातीचे काही दिवस बरणीला घट्ट झाकणाऐवजी दादरा, म्हणजे तोंडावर कापड, बांधलेला बरा. ओल्या हाताने लोणचं काढू नये, हा आजीचा नियम सोळा आणे खरा आहे. हात कोणाचा, हा प्रश्न नसून हात कोरडा आहे का, हा प्रश्न आहे.

बुडबुडे येऊन आंबूस, दारूसारखा वास सुटला असेल तर मीठ कमी पडलं. किलोभर कैरीच्या फोडींना दीडशे ते दोनशे ग्रॅम मीठ लागतं. ‘बीपी आहे, मीठ बेताचंच घातलं’ असं म्हणून साठ-सत्तर ग्रॅमवर भागवलं आणि तेलही वरवर फिरवलं, तर ते वर्षभराचं लोणचं राहत नाही, चार दिवसांचा तक्कू होतो. त्यात वाईट काही नाही, पण मग ते फ्रिजमध्ये ठेवून लवकर संपवा. बीपी असलेल्यांनी फोड अर्धी खावी, बरणीतलं मीठ अर्धं करू नये.

बुरा चमच्याने काढून उरलेलं ‘चांगलं आहे की’ म्हणत खाणं ही वेगळीच चूक. दिसतो तो बुरा वरचा, त्याचे धागे खाली उतरलेले असतात. जड अंतःकरणाने टाकून द्या.

हल्ली लसणाच्या पाकळ्या नुसत्या तेलात बुडवून ओट्यावर ठेवायची टूम निघाली आहे. वर तेल आहे, म्हणजे लोणच्यासारखं टिकेल, हा हिशेब चुकीचा आहे. लोणचं टिकतं ते मीठ आणि आंबटपणा या दोघांमुळे. तेल फक्त हवा अडवतं. मीठ-आंबट नसताना हवा अडवली, तर हवेविना वाढणाऱ्या बोट्युलिझम या जीवघेण्या विषबाधेच्या जंतूंना आपणच जागा करून दिली. असलं तेल करायचंच तर थोडं करावं, फ्रिजमध्ये ठेवावं आणि लवकर संपवावं.

अंगावर उठलं की दूध-माशाला धरणं

माशावर दूध प्यायलं की कोड फुटतं, ही धास्ती कोकणापासून नागपूरपर्यंत आहे. कोड हा शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच रंगपेशींवर उलटल्याने होणारा विकार आहे. जेवणातल्या जोडीने तो होत नाही. तसं असतं तर दह्यात मासे शिजवणाऱ्या बंगालात सगळेच कोडाचे झाले असते. आयुर्वेद ही जोडी विरुद्धाहारात धरतो. तो मानणाऱ्याने जरूर टाळावी, पण कोड असलेल्या माणसाला ‘लहानपणी काय खाल्लं होतंस?’ असं विचारू नये.

आता खरी अडचण. बांगडा खाल्ला, तासाभरात तोंड लालबुंद, अंगावर पित्तासारख्या गांधी, डोकं ठणकतंय. घरात लगेच शोध सुरू होतो, दुपारी ताक कोण प्यायलं? ताक बिचारं निर्दोष असतं. बांगडा, कुपा, तारली असले मासे बर्फाबाहेर राहिले की त्यांच्यात हिस्टामिन नावाचं, अंगावर गांधी उठवणारं रसायन तयार होतं, आणि ते तळून, उकळून, कशानेही जात नाही. माशाला वास येईलच असंही नाही. जिभेला किंचित तिखट चुणचुण लागली तर तिथेच थांबावं. म्हणजे चूक जोडीची नाही, बाजारातून घरी येताना पिशवीत तासभर तापलेल्या बांगड्याची आहे. मासे शेवटी घ्या, सोबत बर्फ मागून घ्या आणि ‘आधी अंघोळ, मग मासे साफ’ असं करायचं असेल तर तोवर ते फ्रिजमध्ये टाका. दम लागला, ओठ-जीभ सुजली, तर घरगुती उपाय करत बसू नका, सरळ दवाखाना गाठा.

श्रावणातल्या माशांचं गणित वेगळं आहे. पश्चिम किनाऱ्यावर 1 जून ते 31 जुलै अशी 61 दिवस यांत्रिक नौकांना मासेमारी बंदी असते. हा माशांच्या विणीचा काळ आणि समुद्रही खवळलेला. नारळी पौर्णिमेला नारळ वाहून होड्या पाण्यात घालायच्या, ही रीत या कायद्याच्या कितीतरी आधीची. पावसाळ्यात मासे न खाणाऱ्या घराला यातलं काही ठाऊक असो-नसो, नियम शहाणा आहे. बंदीच्या दिवसांत ‘ताजी’ सुरमई म्हणून विकली जाते ती बहुतेक बर्फातली असते. त्यापेक्षा सुकट, बोंबील काढावेत. त्यासाठीच तर ते उन्हाळ्यात वाळवून ठेवलेले असतात.

कडू म्हणजे औषधी, असं समजणं

दुधी, काकडी, दोडका चिरताना तुकडा जिभेला लावून बघायचा, ही सवय नव्या स्वयंपाकघरांतून गेली, आणि तीच सगळ्यात आधी परत आणायला हवी. या फळभाज्यांत कधीकधी कुकरबिटासिन नावाचं विष वाढतं. चव जहरी कडू लागते आणि शिजवूनही ते जात नाही. 2010 मध्ये दिल्लीत एका शास्त्रज्ञाचा कडू दुधीचा रस प्यायल्यावर मृत्यू झाला. त्यानंतर भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या तज्ज्ञ समितीने सल्ला दिला तो आजीचाच होता: आधी चाखा, कडू लागला तर टाकून द्या.

भाजीत कडू दुधी सहसा निभावतो, कारण पहिल्या घासालाच आपण ताट सरकवतो. रसाचं तसं नसतं. सकाळी उपाशीपोटी, नाक दाबून, ‘कडू आहे म्हणजे गुणकारी’ अशा श्रद्धेने पेलाभर एका दमात घशाखाली जातो. त्यात आलं, पुदिना, आवळा घातला की कडूपणा झाकला जातो, आणि झाकला गेला हेच घातक. प्यायल्यावर मळमळ, उलटी, जुलाब, पोटात पीळ पडला तर तडक रुग्णालयात जा आणि दुधीचा रस घेतला होता, हे डॉक्टरांना पहिल्या वाक्यात सांगा. यावर उतारा असा नाही. जे वाचतात ते वेळेवर मिळालेल्या उपचाराने.

काकडीचं टोक कापून घासायचं, फेस काढायचा, की कडूपणा उतरतो, असंही सांगतात. कडूपणा देठाकडे जास्त असतो, त्यामुळे टोक कापल्याचा थोडा उपयोग होतो. घासल्याचा होतो असं मला वाटत नाही. कापल्यावरही कडू लागली तर काकडी टाका, मीठ लावून कोशिंबिरीत खपवू नका. कारलं मात्र यात ओढू नका, ते जातीचंच कडू.

ग्रहणात तुळशीपत्रावर विसंबणं

ग्रहणामुळे अन्न नासत नाही. तरीही ग्रहणाच्या दिवशी पोट बिघडतं, आणि त्याला कारण आपणच. वेध लागायच्या आधी भात-आमटी करायची, त्यावर तुळशीपत्र ठेवायचं आणि मोक्षानंतर खायचं. मधले कितीतरी तास ते अन्न उन्हाळ्यात ओट्यावर पडून असतं. तुळशीचं पान फ्रिजचं काम करत नाही. शिजवल्यावरही न मरणारे काही जंतू भातात असतात; भात कोमट राहिला की ते वाढतात आणि त्यांनी सोडलेलं विष पुन्हा गरम करूनही जात नाही. पान ठेवायचं तर ठेवा, मनाला बरं वाटतं, पण भात दोन तासांच्या आत पसरट डब्यात घालून फ्रिजमध्ये जाऊ द्या. फोडणीच्या भातासाठीचा उरलेला भातही तसाच.

यापेक्षा मोठी चूक म्हणजे गरोदर बाईला पाण्यावाचून बसवणं. सूर्यग्रहणाचे वेध चार प्रहर म्हणजे बारा तास, चंद्रग्रहणाचे तीन प्रहर म्हणजे नऊ तास. एवढा वेळ उपाशी-तहानेली ठेवली तर चक्कर येणारच. मधुमेहाच्या माणसाची साखर तर धोकादायक उतरू शकते. गंमत अशी की लहान मुलं, वृद्ध, आजारी आणि गर्भवती यांच्यासाठी वेध कमी काळ पाळावेत, हे पंचांगातच छापलेलं असतं. घरातली मंडळी पंचांगापेक्षा कडक निघतात. सासूबाईंशी वाद घालण्यापेक्षा ते पान उघडून समोर ठेवा, लवकर मिटतं.

तांब्या-पितळेची हौस, कल्हईचा विसर

तांब्या-पितळेत आंबट ठेवू नये, कळकतं. ताक, सोलकढी, चिंचेची आमटी, टोमॅटोचं सार, काहीही आंबट घातलं की धातू उतरतो, चव तुरट होते, मळमळतं. म्हणून आतून कथलाची कल्हई. पूर्वी कल्हईवाला दारावर यायचा. नवसागराचा पांढरा धूर, कापसाच्या बोळ्याने एका फिरकीत चांदीसारखं होणारं पातेलं. आता जुनी भांडी माळ्यावरून खाली आली आहेत, कल्हईवाला मात्र आलेला नाही. आत पिवळं-तांबडं दिसू लागलं असेल तर त्या पातेल्यात पाणी तापवा, आमटी करू नका. तांब्याच्या बाटलीत साधं पाणी चालतं, लिंबू-मध नाही.

याच्याच शेजारचा नियम म्हणजे रिकामं भांडं चुलीवर ठेवू नये, घरात दारिद्र्य येतं. दारिद्र्याचं माहीत नाही, पण कथील 232 अंशांना वितळतं. मोठ्या जाळावर रिकामं पातेलं विसरलं की कल्हई गोळा होऊन बसते आणि नव्याने करून घ्यायचा खर्च येतोच. नॉनस्टिक तव्याला हा नियम आणखी लागू. तो रिकामा फार तापला की लेपाचा धूर होतो, आणि पिंजऱ्यातले पोपट त्या धुराने मरतात. डोशाचा तवा पीठ हाताशी घेऊनच तापत ठेवा.

किरकोळ, पण भांडणं लावणारे

दिवेलागणीनंतर मीठ-दही बाहेर देऊ नये, मीठ हातावर देऊ नये, तीन पोळ्या वाढू नयेत: यांनी अन्नाचं काही बिघडत नाही. पाळायचे तर पाळा, फक्त शेजारीण विरजण मागायला आली तर दारातून परत पाठवू नका. तिचं दही लागलं नाही तर तो दोष थंडीचा; दूध कोमट घेऊन पातेलं रात्रभर जाड कापडात गुंडाळून ठेवायला सांगा.

अळू-सुरणाला चिंच किंवा आमसूल घातल्याशिवाय चुलीवर चढवू नये, हा मात्र अजिबात मोडू नका. त्यांतल्या सुईसारख्या ऑक्झलेटच्या कणांनी घसा खाजतो. चिरण्याआधी हाताला तेल लावा आणि अळू पार गाळ होईपर्यंत शिजवा. घाईत केलेलं फदफदं चिंच घालूनही खाजतं.

उरलेल्या कणकेचा गोळा पिंडासारखा दिसतो म्हणून त्यावर बोटं उमटवून ठेवतात. बोटं उमटवा, नाही तर नका उमटवू. वरून तेलाचा हात फिरवून घट्ट डब्यात फ्रिजमध्ये ठेवा आणि दुसऱ्या दिवशी वापरून टाका. रंग थोडा काळवंडला तर पोळ्या चालतात, आंबूस वास आला तर चालत नाहीत.