स्वस्तातली गिटार घेताना हे बघाच

शिकायला सुरुवात करणाऱ्याला सात-आठ हजारांची गिटार आरामात पुरते, पण ऑनलाइन फोटो बघून नको, दुकानात जाऊन हातात घेऊन बघा. आधी बाराव्या फ्रेटपाशी (फ्रेट म्हणजे मानेवरच्या आडव्या धातूच्या पट्ट्या) तार पट्टीपासून किती वर आहे ते बघा, साधारण अडीच मिलिमीटर ठीक, चार-पाच असेल तर एफ कॉर्ड (एका बोटाने अनेक तारा एकदम दाबायचा सूरमेळ) धरताना बोटांची वाट लागते आणि पोरगं महिन्याभरात गिटार कपाटावर टाकतं. मग बाराव्या फ्रेटवर हार्मोनिक वाजवा (तार न दाबता बोट नुसतं टेकवून) आणि तिथेच तार दाबून वाजवा, दोन्ही सूर ट्यूनरवर, म्हणजे सूर मोजणाऱ्या यंत्रावर किंवा अॅपवर, सेम आले पाहिजेत. अॅक्शन, म्हणजे तारेची ती उंची, थोडी जास्त असली तर सॅडल (खाली तारा जिच्यावर टेकतात ती पट्टी) घासून खाली आणता येते, पण मान पिळलेली असेल तर सरळ सोडून द्या, कितीही डिस्काउंट असो. आणि कंपनीच्या तारा काढून दहा गेजचा (गेज म्हणजे तारेची जाडी) चांगला सेट टाका, चार-पाचशे जातात पण आवाज उघडतो.

प्रोफेशनल लोकांचं काय? नीट सेटअप केलेली स्वस्त इलेक्ट्रिक बरेच जण वाजवतात की. फक्त लाइव्हला ट्यूनिंग टिकलं पाहिजे, तिथे हलक्या ट्यूनिंग की (तारा ताणायच्या खुंट्या) दगा देतात, त्या बदलून घ्या. अकूस्टिक रेकॉर्ड करायची असेल तर मात्र सॉलिड टॉपच (वरची फळी अखंड लाकडाची) बघा, प्लायमध्ये ती मजा नाही.