स्मार्ट स्पीकर ठेवायचा की परत करायचा?

दुकानात सगळेच स्पीकर दणदणीत वाजतात, खरं कळतं ते घरी. परत करायची मुदत संपायच्या आत एवढं करून बघा:

१. तबल्याची साथ असलेलं, कानात बसलेलं गाणं निम्म्या आवाजात लावा. डग्ग्याची घुमक वेगळी ऐकू यायला हवी, नुसतं धप-धप नको. मग आवाज पूर्ण वाढवा. गाणारा चिरकला की समजलं.

२. घुमतंय फार? कोपऱ्यातून वीतभर पुढे ओढा आणि पुन्हा ऐका. भिंतीला चिकटला की खर्ज फुगतोच, त्यात स्पीकरचा दोष नाही.

३. एक्झॉस्ट फॅन चालू, गाणंही चालू. ओट्यापाशी उभं राहून स्पीकरला साध्या आवाजात १० मिनिटांचा टायमर लावायला सांगा. घरातल्या आजींनाही सांगू द्या. आमच्याकडे निकाल तिथेच लागला!

परत करणार असाल तर आधी फॅक्टरी रीसेट करा (म्हणजे त्यातली आपली सगळी माहिती पुसून तो नव्यासारखा करा) आणि आपल्या अकाउंटमधून स्पीकर काढून टाका.