कोकण दौऱ्यात ओरिएंटियरिंग : या चुका टाळा, बहुतेक गाडीतच होतात

मे महिन्यात गाडी काढायची, किनाऱ्याकिनाऱ्याने खाली सरकत जायचं आणि मुक्कामाच्या दोन-तीन गावी ओरिएंटियरिंगची शर्यत पळायची, हा बेत मला फार आवडतो. एकाच दौऱ्यात कातळाचा सडा (जांभ्याचं उघडं पठार), सुरूबन, वाडीतल्या पाखाड्या (दगडी पायवाटा) आणि समुद्राची पुळण असं सगळं नकाशावर वाचायला मिळतं. हातात नकाशा आणि कंपास, जमिनीवर ठरलेल्या क्रमाने गाठायची केशरी-पांढरी निशाणं म्हणजे कंट्रोल, आणि चालू घड्याळ. खेळ एवढाच. तरीही एरवी घाटमाथ्यावर छान पळणारी मंडळी कोकणात पहिल्या दोन-तीन कंट्रोललाच भरकटताना दिसतात. पाय कमी पडतात म्हणून नव्हे. चूक बहुतेकदा स्टार्टच्या त्रिकोणावर, म्हणजे नकाशातल्या सुरुवातीच्या जागी, उभं राहण्याआधी, प्रवासातच झालेली असते.

फोन म्हणेल तिकडे वळत राहणं

पुण्याहून किंवा मुंबईहून निघालं की सहा-आठ तास फोन "उजवीकडे वळा" म्हणतो आणि आपण वळतो. तोंड कुठल्या दिशेला आहे, डाव्या हाताची डोंगराची सोंड कुठे संपली, मघाशी कुठली नदी ओलांडली, याकडे मन बघतच नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी नकाशा हाती येतो तेव्हा तेच सुस्तावलेलं मन कामाला लावायचं असतं. ते लगेच लागत नाही. मग नकाशा उत्तरेला न जुळवताच माणूस पळत सुटतो आणि पहिल्याच पायवाटेला उलटा वळतो.

म्हणून मुक्कामाआधीचे शेवटचे वीस-पंचवीस किलोमीटर फोन बंद ठेवा. चालवणाऱ्याच्या शेजारी बसलेल्याने कागदी नकाशा मांडीवर घ्यायचा, रस्ता वळेल तसा तो फिरवायचा आणि पुढे काय येणार ते आधी बोलून दाखवायचं. "आता उतार, खाली खाडी, पूल, मग चढ आणि वर सडा." कोकणातल्या खाड्या पूर्वेकडून पश्चिमेला येतात आणि किनारी रस्ता उत्तर-दक्षिण जातो, त्यामुळे तो सारखा उतरतो आणि चढतो. समोच्च रेषा वाचण्याचा इतका चांगला सराव गाडीत बसल्या बसल्या दुसरीकडे क्वचितच होतो. मागच्या सीटवरच्या मुलांनाही विचारत राहा, समुद्र आता कुठल्या हाताला? दोन दिवसांत ती न विचारता सांगायला लागतात.

डॅशबोर्डवर ठेवलेला कंपास

गाडीत कंपासचे दोन वैरी, ऊन आणि लोहचुंबक. काचेमागे तापला की आतला द्रव फुगतो, डबी झिरपते आणि मोठा बुडबुडा धरतो. चुंबक त्याहून वाईट, कारण ते नुकसान डोळ्यांना दिसत नाही. मोबाइल चिकटवायचा चुंबकी स्टँड, दारातला स्पीकर, फोनच्या कव्हरचं बटण, यांच्याशेजारी कंपास पडून राहिला तर सुईचे ध्रुव उलटू शकतात. म्हणजे लाल टोक दक्षिण दाखवू लागतं आणि कंपास मात्र दिसायला अगदी धडधाकट असतो.

याची तपासणी कोकणात फुकट होते. किनाऱ्यावर समुद्राकडे तोंड करून उभे राहा. लाल टोक साधारण उजव्या हाताकडे गेलं पाहिजे. डावीकडे गेलं तर तो कंपास त्या दिवशी शर्यतीत नेऊ नका. प्रत्येक शर्यतीच्या आदल्या संध्याकाळी एवढं कराच. प्रवासात कंपास कपड्यांच्या पिशवीत, मधोमध.

परदेशातून आणलेल्या कंपासची तक्रार वेगळी असते. सुईचं दक्षिण टोक खाली झुकून तळाला घासतं आणि ती अडखळत फिरते. उत्तर युरोपात पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र सुईचं उत्तर टोक जोरात खाली ओढतं, म्हणून तिकडच्या सुया उलट बाजूला वजन देऊन तोललेल्या असतात. आपल्याकडे ती ओढ बरीच कमी, त्यामुळे तोल बिघडतो. घेताना आपल्या पट्ट्यासाठी तोललेला किंवा जगभर चालणारा कंपास मागा.

राजापूर तालुक्यात देवाचे गोठणे इथल्या कातळशिल्पापाशी होकायंत्राची सुई आपली दिशा सोडते, हे प्रसिद्धच आहे. रस्त्यावरून जात असाल तर जरूर थांबा आणि शिल्पावर पाय न देता कडेकडेने बघा. सुई डोळ्यांदेखत वळते तेव्हा खडकाळ जागी कंपास दगडावर टेकवून का वाचू नये हे पक्कं कळतं. कातळावर तो छातीशी धरा आणि सुईवर विश्वास टाकण्याआधी समोरच्या जमिनीशी ताडून बघा.

खाडीपलीकडचा मुक्काम

दाभोळ आणि धोपावे, जयगड आणि तवसाळ, वेश्वी आणि बागमांडला. नकाशावर समोरासमोर, फेरीबोटीने काही मिनिटांवर, पण रस्त्याने जायचं तर खाडीला लांबच लांब वळसा. "सकाळी पहिल्या फेरीने पलीकडे जाऊ" हा हिशेब सुट्टीच्या दिवसांत जेटीवरची गाड्यांची रांग बघितली की कोसळतो. एकेकाला ठरावीक वेळ देऊन सोडण्याच्या शर्यतीत तुम्ही आपल्या चुकीने उशिरा पोहोचलात तरी घड्याळ दिलेल्या वेळेपासूनच धरतात. मुक्काम स्टार्टच्याच काठावर करा. खोली थोडी साधी मिळाली तरी चालेल.

डिसेंबरचा नकाशा, मेची जमीन

ही चूक सगळ्यात जास्त वेळ खाते, आणि कोकणाबाहेरून आलेल्यांना ती कोणी नीट सांगतही नाही.

ओरिएंटियरिंगच्या नकाशाचे रंग जगभर ठरलेले आहेत. पांढरं म्हणजे पळता येईल असं रान, हिरवं जितकं गडद तितकी झाडी दाट, पिवळी मोकळी जमीन, तपकिरी समोच्च रेषा, निळं पाणी, काळे खडक आणि माणसाने बांधलेल्या गोष्टी. १९६१ साली स्थापन झालेली आंतरराष्ट्रीय ओरिएंटियरिंग फेडरेशन या खुणांचे नियम ठरवते. पण नकाशा काढणारा बहुधा पावसानंतर किंवा थंडीत फिरलेला असतो आणि तुम्ही पळता मे महिन्यात. त्या मधल्या काळात जमीन आपला रंग बदलून बसलेली असते.

निळी रेघ दिसली की माणूस पाणी शोधतो. मे महिन्यात पऱ्ह्याला पाणी कुठलं? गोटे, पाचोळा आणि दोन्ही काठांना थोडी जास्त हिरवी झाडी, एवढंच उरतं. लोक तो पऱ्ह्या ओलांडून जातात आणि पुढे शंभर मीटरवर "अजून ओढा कसा येत नाही" म्हणून थांबतात. निळ्या रेघेऐवजी तिच्या दोन्ही बाजूंच्या तपकिरी रेषांचा आकार वाचा. पाणी आटतं, घळ जागेवरच राहते. सड्यावरच्या डबक्यांचंही तसंच. नकाशात तळं असतं, प्रत्यक्षात भेगाळलेल्या चिखलाची उथळ ताटली असते.

पिवळ्याच्या कडाही विश्वासाच्या राहत नाहीत. कुठे भाजावळ (शेतात पालापाचोळा जाळणं) झालेली असते, कुठे वणव्याने सड्यावरचं गवत जाऊन सगळं काळं पडलेलं असतं. गवत आणि झुडपं जिथे मिळतात त्या सीमेवरून कंट्रोलकडे वळायचं ठरवलं तर ती सीमा सापडेलच असं नाही. वळणाची खूण म्हणून मोरी, रस्त्याचा फाटा, देऊळ, गडग्याचा कोपरा अशी न हलणारी गोष्ट धरा.

आता गडगे. बागा आणि वरकस जमिनी यांच्या हद्दीला जांभ्याचे दगड चुन्या-मातीशिवाय नुसते एकावर एक रचलेले असतात, कुठे कमरेएवढे, कुठे छातीपर्यंत. नकाशावर त्या काळ्या रेघा. पळताना त्यांचा आधार सुंदर मिळतो, पण एकामागे एक सारखेच चार गडगे असले की तिसरा गाठून तो दुसरा समजणं फार सोपं. प्रत्येक गडगा ओलांडताना अंगठा नकाशावर पुढे सरकवा आणि त्याचा आकडा मोठ्याने म्हणा. ओलांडायचा तो बेड्यातूनच, म्हणजे ये-जा करायला ठेवलेल्या वाटेतूनच. चढून गेलात तर दगड निसटतात, ते पुन्हा रचायला मालकाचा दिवस जातो, आणि दगडांच्या फटीत फुरसं असू शकतं. हात कुठे ठेवतोय हे न बघता गडग्याला टेकू नका. तीच गोष्ट विंचवाची. दंश झालाच तर पळणं तिथेच थांबवा, माणसं बोलवा आणि थेट दवाखाना गाठा.

चिरेखाणींबद्दल मी हात जोडून सांगते. जांभ्याचे चिरे काढून झाले की सपाट सड्यात सरळ कापलेल्या भिंतींचा खोल चौकोन उरतो. लांबून काहीच दिसत नाही. वाळलेलं गवत थेट कडेपर्यंत येतं आणि कडा अगदी पावलापाशी आल्यावर कळते. खाणी दर हंगामाला वाढतात, त्यामुळे दोन वर्षांपूर्वीच्या नकाशात आजची कडा नसेलच. सड्यावर कंपास धरून नाकासमोर पळत असाल तर नजर नकाशात नको, पुढच्या वीस पावलांवर हवी. नकाशा वाचायचा तर चालत वाचा. आयोजकांना आदल्या दिवशी स्पष्ट विचारा की नवी खाण कुठे आहे. कठडा नसलेल्या जुन्या विहिरींसाठीही हाच प्रश्न विचारा.

काल १:४०००, आज १:१०,०००

वाडीतली स्प्रिंट, म्हणजे छोटी वेगवान शर्यत, १:४००० च्या नकाशावर, सड्यावरची शर्यत १:१०,००० च्या. पहिल्यात एक सेंटिमीटर म्हणजे ४० मीटर, दुसऱ्यात १००. काल दोन सेंटिमीटरच्या पल्ल्यात ८० मीटर पळण्याची सवय लागलेले पाय आज २०० मीटर पळायचे असताना अर्ध्यातच कंट्रोल शोधायला लागतात. स्टार्टच्या आधी १०० मीटरला आपली किती पावलं पडतात ते त्याच जमिनीवर मोजून घ्या. स्प्रिंटमध्ये आणखी एक लक्षात ठेवा. ऑलिव्ह हिरवा रंग म्हणजे जायला मनाई, आणि जाड काळी भिंत म्हणजे उडी मारता येत असली तरी ओलांडायची नाही. ओलांडलीत तर बाद. कोणाच्या अंगणातून, वाळत घातलेल्या आमसुलांवरून पळत जाणं तसंही शोभत नाही.

भरतीची वेळ न बघता पुळणीवर

ओल्या वाळूवर पाय छान उचलतो, कोरड्या वाळूत रुततो. म्हणजे एकच पल्ला ओहोटीला झटपट आणि भरतीला दमवणारा. काल सकाळी सातला मोकळी दिसलेली पुळण आज सातला तशीच नसते, कारण भरती रोज सुमारे ५० मिनिटं पुढे सरकते. जुना हिशेब अजून उपयोगी आहे. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीचा अंदाजे तास येतो. चतुर्थीला तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या. पक्क्या वेळेसाठी त्या बंदराचं कोष्टक बघा आणि गावातल्या कोळीदादांना विचारा, उधाण (मोठी भरती) आहे की भांग (लहान भरती). खाडीचं मुख पाण्यातून ओलांडून वेळ वाचवायचा विचार मनातसुद्धा आणू नका. खाजणातला, म्हणजे भरतीचं पाणी शिरणाऱ्या दलदलीतला, चिखल वरून घट्ट दिसतो.

उकाडा आणि पोट

सड्यावर सावली नाही आणि हवेत दमटपणा इतका की घाम वाळतच नाही. शक्य असेल तर सकाळी लवकरची स्टार्ट मागा. छोट्या शर्यतीलाही पाणी बरोबर घ्या. ओआरएसची मोठी पुडी एक लिटर पाण्यात, अर्ध्या लिटरमध्ये नाही. आदल्या रात्री हापूसवर ताव मारायचा मोह आवरा, सकाळी दोन घावन पुरतात. कुसळं मोज्यांतून आत शिरतात आणि दर दहा पावलांना टोचतात, म्हणून पूर्ण लांबीची पँट आणि गेटर (घोटा-नडगी झाकणारं आवरण) घाला. धातूचे खिळे असलेले बूट घरी ठेवा, जांभ्यावर रबरी तळच बरा.

बागेत न विचारता

मे म्हणजे आंबा-काजूचा हंगाम. राखणदार जागा असतो आणि झाडाखालून पळत जाणारा अनोळखी माणूस त्याला चोरच वाटणार. आयोजकांनी परवानगी घेतली आहे का, ते विचारा. मित्रमंडळींसाठी तुम्हीच ओपनओरिएंटियरिंग मॅपर या सॉफ्टवेअरमध्ये नकाशा काढून मॅपरन या अ‍ॅपवर शर्यत ठेवणार असाल तर मालकाला आधी भेटा. (मॅपरनमध्ये कंट्रोल फोनच्या जीपीएसवर वाजतो. दाट आगरात तो उशिरा वाजू शकतो आणि उन्हात तापलेला फोन बंदही पडतो, तेव्हा कंट्रोल मोकळ्या जागी ठेवा.) पळताना कुणी आजोबा "खंय जातास? हयसून वाट नाय" म्हणाले तर थांबून दोन शब्द बोला आणि मागे फिरा. त्यात जाणाऱ्या वीस सेकंदांवर पुढच्या वर्षीची परवानगी अवलंबून असते.

तरीही चुकलात तर

सगळ्यात आधी उभे राहा. चुकल्यावर वेग वाढवणं हीच खरी वेळखाऊ चूक. नकाशा उत्तरेला जुळवा. शेवटची खात्रीची जागा कुठली होती आणि तिथून किती वेळ, कुठल्या दिशेला पळालात, ते आठवा. मग आजूबाजूला काय आहे ते बघा आणि तसं नकाशात शोधा. नकाशात आधी शोधलं तर मन हवं तेच समोर दाखवतं. दोन-तीन मिनिटांत उलगडलं नाही तर कंट्रोलचा नाद सोडून मोठी खूण गाठा. कोकणात ती सहज मिळते. पश्चिमेला चालत राहिलात तर समुद्र किंवा किनारी रस्ता, दक्षिणेला-उत्तरेला खाडी. तिथून नव्याने सुरुवात करा. मात्र सड्याच्या कडेवरून सरळ खाली उतरायला जाऊ नका, वाट धरूनच उतरा.

शर्यत सोडलीत तरी फिनिशला जाऊन नाव सांगितल्याशिवाय गाडीत बसू नका. पुढच्या मुक्कामाची घाई असते, फेरी पकडायची असते, मोबाइलला रेंज नसते, आणि मंडळी परस्पर निघून जातात. मग आयोजक आणि गावातली पोरं भर उन्हात त्या माणसासाठी खाणी आणि विहिरी पालथ्या घालतात. फिनिशच्या टेबलापर्यंत या, कंट्रोलची नोंद ठेवणारी चिप परत करा, नाव खोडून घ्या आणि मगच निघा.