पोरांना हसायला लावणारं पुस्तक कसं सुचवायचं

आमच्या सोसायटीत दर रविवारी सकाळी मी एक जुनी पत्र्याची ट्रंक उघडून बसते, त्यात दोनेकशे पुस्तकं आहेत, पोरं येतात, घेऊन जातात, पुढच्या रविवारी परत आणतात. या ट्रंकेपाशी मी सगळ्यात जास्त वेळा ऐकलेलं वाक्य म्हणजे आईबाबांचं "ताई, याला एखादं चांगलं पुस्तक द्या ना". आणि त्याच वेळी पोरगं त्यांच्या मागे उभं राहून हळूच विचारतं, "मावशी, हसायला येईल असं काही आहे का?" म्हणजे एकाच पुस्तकाबद्दल दोघं बोलतायत पण दोघांना हवंय वेगळं. मी पोराचं ऐकते. कारण ज्या पोराला पुस्तकात एकदा खदखदून हसायला आलं ते पोर परत येतं, हे मी इतक्यांदा बघितलंय की आता मला त्यात शंकाच उरलेली नाही.

तर पुस्तक सुचवताना मी काय करते ते सांगते, तुमच्या घरच्या, शेजारच्या, भाचरांच्या कामाला येईल.

पहिली गोष्ट, वय विचारण्याआधी विचारायचं की तू शेवटचा पोट धरून कशावर हसलास. पुस्तकच पाहिजे असं नाही, कार्टून, रील, वर्गातला किस्सा, काहीही. उत्तरावरून लगेच कळतं. काही पोरांना शब्दांची गंमत आवडते, उलटेसुलटे शब्द, यमकं, अर्थ नसलेली गाणी. काहींना कुणीतरी धडपडलेलं, फजिती झालेली आवडते. काहींना खोड्या आणि त्या खोड्या पकडल्या न जाणं. आणि बारा-तेराच्या पुढे गेलं की बहुतेकांना मोठ्या माणसांची गंमत कळायला लागते, सर कसे बोलतात, काका लग्नात कसे वागतात, आईचा फोनवरचा आवाज कसा वेगळा असतो. हे चारही वेगवेगळे हसू आहेत आणि एकाचं पुस्तक दुसऱ्याला दिलं की ते पडून राहतं, मग आपण म्हणतो याला वाचनाची आवडच नाही.

शब्दांवर हसणारं पोर असेल, वय चार असो की नऊ, तर विंदा करंदीकर. ज्ञानपीठ मिळालेल्या या कवीने पोरांसाठी पिशीमावशी आणि तिची भुतावळ लिहिली, राणीची बाग लिहिली, एटू लोकांचा देश लिहिला. पण एक अट आहे, ही पुस्तकं पोराच्या हातात देऊन आपण स्वयंपाकघरात जायचं नाही. मोठ्याने म्हणायची. आवाज काढून, हात हलवून. पिशीमावशी तर रात्री झोपताना दिवा बारीक करून वाचायची, पोरं घाबरत घाबरत हसतात आणि ते हसणं सगळ्यात भारी असतं. पाडगांवकरांच्या बालकविताही तशाच, वेडं कोकरू घ्या, सुट्टी एक्के सुट्टी घ्या, तालावर चालतात त्यामुळे दोन दिवसात पाठ होतात.

अगदी छोट्यांसाठी, म्हणजे तीन ते सात वगैरे, मी डोळे मिटून माधुरी पुरंदरे सांगते. बाबांच्या मिशा, राधाचं घर, यशच्या गोष्टी. गोष्टही त्यांची आणि चित्रंही त्यांचीच, त्यामुळे जी गंमत शब्दात नाही ती चित्रात सापडते आणि पोरं ती आपल्या आधी शोधतात. यात कुणी पडत नाही, कुणी कुणाला मारत नाही, घरातलीच माणसं आहेत, तरी पोरं गालात हसत राहतात. मला विचाराल तर मराठीत छोट्यांसाठी यापेक्षा चांगलं काम फार कमी झालंय, आणि हे मी नुसतं म्हणायचं म्हणून म्हणत नाहीये, ट्रंकेतल्या त्या पुस्तकांचे कोपरे बघा, सगळे झिजलेत.

आता आठ ते बारा. हा सगळ्यात सुपीक काळ आणि नेमकं इथेच आपण घोळ घालतो. याच वयात वाढदिवसाला श्यामची आई येतं. मोठं पुस्तक आहे, साने गुरुजींनी नाशिकच्या तुरुंगात लिहिलं, मी स्वतः ते वाचून रडलेय आणि पोरांनी ते वाचावं असं मलाही वाटतं. पण ज्या पोराने आज हसायला मागितलंय त्याला आज ते देऊ नका. ते पुढच्या वर्षी. आज त्याला बोक्या सातबंडे द्या. दिलीप प्रभावळकरांनी लिहिलाय, खोडकर आहे पण मनाने सरळ, आणि लिहिणारा नट असल्यामुळे संवाद असे आहेत की वाचताना आपोआप आवाज बदलतो. इंग्लिश मीडियमची पोरं जी विम्पी किड वाचून संपवतात आणि मराठी म्हटलं की तोंड वाकडं करतात त्यांना मी हमखास बोक्याच देते, कारण मजा ओळखीची वाटते, घर आपलं, शाळा आपली, फजिती पण आपलीच.

ज्यांना हसण्याबरोबर धावपळ पाहिजे त्यांना फास्टर फेणे. भा. रा. भागवतांचा बनेश फेणे, फुरसुंगीचा किडकिडीत पोरगा, पुण्याच्या विद्याभवनात शिकतो, सायकल दामटतो आणि काही सुचलं की तोंडाने ट्टॉक करतो. पुस्तकं पातळ आहेत हा मोठा गुण, थोडक्या पानांत एक अख्खं साहस संपतं, पोराला "मी पुस्तक संपवलं" असं म्हणता येतं. फक्त एक सांगून ठेवा की हा जुना काळ आहे, मोबाईल नाही, तार येते, ट्रंककॉल लावतात. मी हे आधी सांगत नसे आणि पोरं मध्येच अडायची, "हा सरळ फोन का करत नाही?" आता आधीच सांगते की हा तुझ्या आजोबांच्या वेळचा मुलगा आहे आणि मग तीच गोष्ट त्यांना मजेची वाटते, काही जण तर आजोबांना जाऊन विचारतात की तार म्हणजे काय. राजीव तांबेंचं प्रेमळ भूत पण या वयाला मस्त चालतं, भूत म्हटल्यावर हात पुढे येतोच.

ताम्हनकरांचा गोट्या आणि चिं. वि. जोशींचे चिमणराव यांचं मात्र जरा जपून. मला दोन्ही जीव की प्राण आहेत, चिमणराव आणि गुंड्याभाऊ तर मी आजही आजारी पडले की काढते. पण भाषा जुनी आहे, वाक्यं लांब आहेत, आणि आजच्या पाचवीतल्या पोराला एकट्याने झेपत नाही. म्हणून एकच गोष्ट निवडा, घरात सगळे बसलेले असताना मोठ्याने वाचा, अडेल तिथे शब्द सांगून पुढे चला. अख्खं पुस्तक द्यायची घाई नको.

आणि हो, जुनं विनोदी पुस्तक देण्याआधी आपण एकदा चाळायचंच. पूर्वी जाड्या माणसावर, बोबडं बोलणाऱ्यावर, काळ्या रंगावर, बायकोवर सर्रास विनोद व्हायचे. सगळं पुस्तक बाद करा असं मी म्हणत नाही, पण तुमच्यासमोरचं पोर जर तोतरं बोलत असेल आणि त्याच्या हातात तुम्ही तोतऱ्याची थट्टा ठेवली तर ते तुम्हाला काही बोलणार नाही, नुसतं परत यायचं थांबेल. माझ्याकडून हे एकदा झालंय, एका मुलीच्या बाबतीत, आणि मला ते अजून लागतं. तेव्हापासून न वाचलेलं पुस्तक मी कुणाच्या हातात देत नाही.

मराठी वाचताना अडखळणाऱ्या पोरांबद्दल थोडं सविस्तर सांगते कारण हा प्रश्न पुण्यामुंबईत आहे, बंगलोरला आहे, अमेरिकेतल्या मराठी घरांमध्ये तर आहेच. पोराला मराठी ऐकून सगळं कळतं, आजीशी फडाफडा बोलतं, पण छापलेलं वाचताना जोडाक्षर आलं की गाडी थांबते. आणि विनोदाचं असं आहे की तो वेगात वाचला तरच लागतो, अक्षर अक्षर जुळवत वाचलेला विनोद म्हणजे थंड भजी. म्हणून अशा पोराला आधी ऐकवायचं. पहिली तीन-चार पानं आपण वाचायची आणि जिथे आता काय होणार असं वाटतं तिथे बरोब्बर थांबायचं, पुस्तक उघडं ठेवून उठायचं. माझा भाचा दहा वर्षांचा होता तेव्हा मी असं बोक्याचं पुस्तक अर्ध्यात ठेवून चहा करायला गेले, परत आले तर साहेब बोट ठेवून ठेवून पुढे वाचत होते, चुकत होते, पण थांबत नव्हते. शिवाय कमी वयाचं पुस्तक द्यायला लाजू नका, फक्त "हे लहान मुलांचं आहे" असं तोंडातून काढू नका. प्रथम बुक्सची स्टोरीविव्हर म्हणून साईट आहे, तिथे मराठीत चित्रांच्या ढीगभर गोष्टी फुकट मिळतात आणि सोप्या-अवघड अशा पातळ्या लावलेल्या आहेत, मोबाईलवर सुद्धा वाचता येतात, परदेशातल्यांना तर फारच सोयीचं.

कॉमिक्स वाचलं तर चालेल का, हे मला दर महिन्याला कुणीतरी विचारतं. चालेल. टिंकल वाचू दे, सुप्पांदी वाचू दे, शिकारी शंभू वाचू दे. पुढे.

आता टीनएजर. यांना पुस्तक सुचवायचंच नाही, निदान थेट नाही. चौदा वर्षांच्या मुलाला "हे वाच, तुला आवडेल" म्हटलं की ते पुस्तक संपलंच. मी काय करते, आपणच वाचत बसते आणि हसते, खोटं नाही हं, खरंच हसायला येतं असंच पुस्तक घेते, आणि दोन ओळी मोठ्याने वाचते, कुणाला उद्देशून नाही. किंवा गाडीत लांबच्या प्रवासाला पु. लं.चं लावते. पु. ल. देशपांडे यांनी स्वतःच्या आवाजात वाचलेलं रेकॉर्डिंग आहे, आणि तो आवाज एकदा कानात बसला की मग पुस्तक वाचताना तोच आवाज ऐकू येतो, त्यामुळे जुन्या मुंबईतली चाळ, मास्तर, धोतर हे सगळं परकं वाटत नाही. सुरुवात करायची तर हसवणूक मधलं बिगरी ते मॅट्रिक, शाळेबद्दल आहे त्यामुळे नववी-दहावीच्या पोरांना लगेच लागतं. मग व्यक्ती आणि वल्ली मधले चितळे मास्तर. बटाट्याची चाळ त्यानंतर, आधी नको, त्यातली गंमत कळायला थोडी तयारी लागते.

गावाकडच्या पोरांना किंवा ज्यांचं आजोळ गावाला आहे त्यांना द. मा. मिरासदार. माझ्या बापाची पेंड, भुताचा जन्म, व्यंकूची शिकवणी. छोट्या कथा, एका बैठकीत संपतात, आणि हे चांगलं म्हणजे क्लास आणि परीक्षेच्या मधल्या वेळेत पण बसतात. ज्या मुलीला किंवा मुलाला जरा हळवं, आतल्या आत हसवणारं आवडतं त्यांना प्रकाश नारायण संतांचा लंपन, वनवास पासून सुरू करायचं, तो मुलगा ज्या पद्धतीने विचार करतो आणि स्वतःशी बोलतो ते वाचून माझ्याकडची एक आठवीतली मुलगी आठवडाभर लंपनसारखं सगळ्यांना "मॅड" म्हणत फिरत होती. लंपनचं शेवटचं पुस्तक झुंबर मात्र त्यांना तयारीने द्या, तिथे दुःख आहे, आणि ते हसऱ्या पुस्तकांच्या यादीत बसत नाही.

डिटेक्टिव्ह आवडणाऱ्यांसाठी सत्यजित राय यांचा फेलूदा, अशोक जैन यांनी मराठीत आणलाय. रहस्य तर आहेच पण त्यातले जटायू, म्हणजे रहस्यकथा लिहिणारे ते लालमोहनबाबू, ते आले की पोरं हसतातच. गंभीर पुस्तक मागणाऱ्या बाबांना आणि हसरं मागणाऱ्या मुलीला एकाच वेळी खूश करायचं असेल तर फेलूदा बरोबर बसतो, मी हे करून बघितलंय.

दिल्यानंतरचं सगळ्यात महत्त्वाचं. पुस्तक परत आलं की "काय शिकलास?" विचारायचं नाही. सारांश लिहून घ्यायचा नाही. तात्पर्य तर अजिबात नाही. विचारायचं असेल तर "कुठे हसलास?" एवढंच विचारा, आणि पोर सांगायला लागलं की आपण पूर्ण ऐकायचं, तीच गोष्ट आपल्याला पाठ असली तरी. अर्धवट सोडून परत आणलं तरी कपाळाला आठ्या नकोत, मी विचारते कितव्या पानावर सोडलंस, त्यावरून मला पुढचं पुस्तक निवडता येतं. दुसऱ्या पानावर सोडलं असेल तर बहुतेक भाषा जड गेली, अर्ध्यावर सोडलं असेल तर हसण्याची जातकुळीच वेगळी आहे.

विकतच घ्यायला पाहिजे असं काही नाही. बालभारतीचं किशोर मासिक 1971 पासून निघतंय आणि त्याचे जुने अंक त्यांच्या साईटवर फुकट आहेत, जुन्या अंकांतल्या विनोदी गोष्टी आणि चित्रं बघायला आईबाबाच जास्त वेळ बसतात असा अनुभव आहे. दिवाळीत पोरांसाठी वेगळे अंक निघतात, साधनाचा बालकुमार अंक निघतो, एक आणून टीपॉयवर टाकून ठेवा. महाबळेश्वर-पाचगणीला जाणार असाल तर वाटेत भिलारला थांबा, पुस्तकांचं गाव आहे, 2017 पासून तिथे लोकांच्या घरांमध्ये पुस्तकं ठेवलीत, बालसाहित्याचं वेगळं घर आहे, पोरांना तिथे सोडा आणि कोणतं उचलतात ते नुसतं लांबून बघा, तुम्हाला त्यांच्या हसण्याचा अंदाज फुकटात मिळेल.

आणि एक पुस्तक देताना दुसरं तयार ठेवा. त्याच लेखकाचं, त्याच मालिकेतलं. भाच्याने बोक्या संपवला तेव्हा रात्रीचे साडेनऊ झाले होते आणि तो दारात उभा राहून म्हणाला, "आत्या, याचा पुढचा आहे?" पुढचा उशीखाली होता माझ्या, मी लगेच काढून दिला.