कर्जाच्या अर्जाआधी महाडीबीटी

इंजिनिअरिंगला नंबर लागला की घरात विचारतात, ‘कर्ज किती काढावं लागेल?’ त्याआधी फीतला किती वाटा सरकार उचलतं, ते महाडीबीटीवर, म्हणजे राज्य सरकारच्या शिष्यवृत्ती पोर्टलवर, बघून घ्या. आम्ही तसंच केलं आणि कर्जाचा आकडा बराच खाली आला.

खुल्या प्रवर्गात घरचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असेल, तर राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्तीतून निम्मी शिक्षण फी मिळते. याच मर्यादेत बसणाऱ्या ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल), एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिक मागास) आणि ओबीसी मुलींना २०२४-२५ पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण फी पूर्ण माफ आहे. प्रवेश मात्र कॅप राउंडमधूनच, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश फेरीतूनच हवा. मॅनेजमेंट कोट्यातली सीट घेतली की यातलं काही मिळत नाही, आणि सीट देताना हे कुणी आपणहून सांगत नाही.

तहसीलचा उत्पन्नाचा दाखला आणि डोमिसाइल निकालाआधीच काढून ठेवा. नंतर सेतू केंद्रात रांगा लागतात. पैसे आधारशी जोडलेल्या खात्यातच येतात. माझं आधार शाळेत असताना उघडलेल्या जुन्या खात्याला जोडलेलं निघालं, ते बँकेत जाऊन बदलून घेतलं. अर्ज दर वर्षी नव्याने भरावा लागतो.

उरलेल्या रकमेपुरतं कर्ज. साधारणपणे ४ लाखांपर्यंत तारण लागत नाही. आई किंवा वडील सहकर्जदार होतात आणि त्यांचा सिबिल, म्हणजे आधीच्या कर्जफेडीवरून ठरणारा स्कोअर, तपासला जातो.

आता व्याज. शिक्षण संपून वर्ष होईपर्यंत हप्ता नसतो, म्हणून अनेकांना वाटतं की तोवर व्याजही नसतं. मीटर पहिल्या दिवसापासून पळत असतं. समजा, चार वर्षं दर वर्षाच्या सुरुवातीला १ लाख उचलले आणि दर १० टक्के सरळव्याज. पहिल्या लाखावर पाच वर्षांचे ५० हजार, मग ४०, ३० आणि २०. पहिला हप्ता येईपर्यंत ४ लाखांचे ५ लाख ४० हजार झालेले असतात.

घरचं उत्पन्न साडेचार लाखांच्या आत असेल, तर तांत्रिक आणि व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी या काळातलं व्याज केंद्र सरकार भरू शकतं. कर्ज मंजूर होतानाच बँकेत त्याचं विचारा. त्यात बसत नसाल, तर शिकतानाच व्याज भरत राहा. मी शिकवण्यांच्या पैशातून भरत होतो. असं नियमित भरणाऱ्यांना काही बँका दरात १ टक्का सूटही देतात.